मोरीपलीकडचं फाटक

“एकाला एक, वाट निघाली नेक... दोनाला दोन, तिला जपणार कोण... तिनाला तीन, वळणावर शीण...”

हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला या घरात येऊन नऊ दिवस झाले होते. सकाळचं धुकं अजून शेतातच रेंगाळत होतं, ती विहिरीत बादली सोडत होती, आणि धुक्यातून कुणीतरी गात येत होतं. तिला वाटलं, असेल कुणी वाटसरू. सकाळ गोड लागली म्हणून गात असेल. मग धुकं फाटलं आणि सासरे दिसले. चांगली धडधाकट सायकल हाताशी असून माणूस तिच्यावर बसला नव्हता. गाभण म्हशीला आणावं तशी तिला हळूहळू चालवत आणत होता. पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधलेली. चिंधी खाली मातीला टेकली की आकडा पुढं सरकायचा, आकड्याला यमक जुळायचं, आणि यमक जुळलं की म्हातारा स्वतःशीच मान डोलवायचा.

“आई,” ती घाबरून सासूला म्हणाली होती, “मामंजींना बरं वाटत नाहीय का?”

“न वाटायला काय झालंय? चिटणीस आहेत ते,” सासू म्हणाली होती. “थोडं वेड असल्याशिवाय ते काम जमत नाही.”

हमरस्त्यावरून शेतांत शिरणारा तो कच्चा रस्ता सरकारचा नव्हता आणि कुणा एकाचाही नव्हता. ज्यांच्या जमिनी त्याच्या कडेनं होत्या त्या एकोणीस जणांनी मिळून जमीनमालकांचा संघ काढला होता. मुरूम टाकायचा, गटारं उपसायची, ओढ्यावरची मोरी राखायची, वर्षाच्या सुरुवातीला अंदाजपत्रक मांडायचं आणि खर्च वाटून घ्यायचा. वाटायचा कसा, यावर दोन वर्षं डोकी फुटायचीच काय ती राहिली होती. तेव्हा सासऱ्यांनी तोडगा काढला. ज्याचं फाटक लांब तो रस्ता जास्त झिजवतो. तेव्हा आपल्या फाटकापर्यंतच्या रस्त्याचा खर्च ज्याचा त्यानं सोसावा, फाटकापुढच्या रस्त्याशी त्याचा संबंध नाही. मोरीच्या अलीकडे फाटक असेल तर मोरीसाठी छदाम देऊ नये. पलीकडे असेल तर निमूट द्यावा. अंतर मोजायचं ते सायकलच्या चाकानं, दर पाच वर्षांनी, चिटणिसानं स्वतः चालून.

नियम सरळ होता. माणसंही सरळ असतील असं धरून केला होता, तेवढंच त्यात चुकलं होतं.

सासरे गेले, सायकल राहिली, आणि चिटणिशी तिच्या नवऱ्याकडे आली. पगार नव्हताच. मान म्हणावा तर सासऱ्यांच्या वेळी लोक चिटणिसाला वाट द्यायचे. नवऱ्याला नुसती हाक द्यायचे. “चिटणीस, जरा शिडी धरा.” “चिटणीस, त्या बाजूला जाताच आहात तर पंपाचं बटण बंद करा.” आणि हा धरायचा, हा बंद करायचा. वर हसायचा. त्या हसण्याचा तिला फार राग येई. कुत्र्यानं शेपूट हलवावी तर त्याला निदान तुकडा मिळतो.

वह्या मात्र पहिल्याच वर्षी तिनं ओढून घेतल्या. “तुमच्या हातून रेघसुद्धा वाकडी येते,” ती म्हणाली होती, “आकडे सरळ कुठून यायचे?” तेव्हापासून मोजायचं त्यानं, लिहायचं हिनं. लोक तिला चिटणीसबाई म्हणू लागले, आणि म्हणताना एकमेकांकडे बघून ओठ दाबू लागले.

*

यंदा बटाटा काढणीला आला आणि अवेळी पाऊस आला. तीन दिवस त्यानं उसंत घेतली नाही. ओढा फुगला, मोरीखालचे दोन्ही नळ दातासारखे उपटून घेऊन गेला आणि रस्त्याच्या मधोमध दहा हातांचं भगदाड ठेवून गेला. मोरीपलीकडे जमीन सहा जणांची; त्यांतल्या पाचांचा एकेक तुकडा अलीकडच्या काठालाही. पण बाकी पाचांचं पीक पावसाआधीच घरात पोचलं होतं. उरला हिचा दोन एकर बटाटा. वर्षाचं तेवढंच काय ते.

ट्रकवाला आला, भगदाडाच्या काठावर उकिडवा बसला, खाली थुंकला.

“माझा ट्रक आहे बाई, बेडूक नाही. मोरी बांधा, हाक मारा, येतो.”

“किती दिवस थांबाल?”

“मी काय, जन्मभर थांबेन. बटाटा थांबतो का ते त्याला विचारा.”

तिनं विचारलं. वाफ्यात कोपरापर्यंत हात घालून एक बटाटा उपटला, पदराला पुसला, उन्हाकडे धरला. सालीवर पांढरे बारीक ठिपके फुगून आले होते. जमिनीत पाणी साचलं की बटाट्याचा श्वास असा कोंडतो. पंधरा दिवस. फार तर सोळा. पुढं नुसता चिखल आणि वास.

दोघं संघाच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष म्हणजे गिरणीवाले अण्णा. पापण्यांवरसुद्धा पीठ बसलेलं, त्यामुळे डोळे मिटले की माणूस पुतळ्यासारखा पवित्र दिसायचा आणि उघडले की गिरणीवाला व्हायचा. ओसरीत चार खुर्च्या होत्या, चारही मोकळ्या. ही दोघं पायरीखाली उन्हात उभी.

“मोरी गेली ना? ऐकलं, ऐकलं. वाईट झालं,” अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडी ‘वाईट’ हा शब्द ढेकरासारखा आला.

“अण्णा, पंधरा दिवसांत बांधायला हवी,” ती म्हणाली.

“बांधू की! कोण नाही म्हणतंय? पण नियमानं. पाच वर्षं झाली, फाटकं मोजायची राहिलीत. आधी मोजणी, मग वाटणी, मग मोरी. काय चिटणीस?”

नवरा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. “बरोबर आहे अण्णा.”

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर जळला असता. मग अण्णांना म्हणाली, “मोजून काय वेगळं निघणार? मोरीपलीकडे सहा फाटकं. ती काय पळून जाणार आहेत?”

अण्णांना ठसका लागला. बराच वेळ लागला. पीठ उडालं. “मोजून तर बघा, वहिनी,” ते डोळे पुसत म्हणाले.

*

मोजणी दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरू झाली. नवरा सायकल ढकलत होता, ती बाजूनं चिंधीवर डोळा ठेवून आकडे म्हणत होती. सासऱ्यांचं गाणं त्यांच्याबरोबर गेलं होतं. हिचे आकडे कोरडे, खडीसारखे पडायचे. ओल्या रस्त्यात चाक रुतायचं. रुतलं की नवरा खांदा लावायचा, आणि मुठींना दोन्ही हात असूनही सायकल वाकडी जायची.

“सरळ धरा ना. चाक वाकडं गेलं की आकडा वाढतो.”

“धरतोय.”

“धरताय म्हणे. धरणाराला धरावं लागतं अशी गत.”

तेरा फाटकं हमरस्त्याच्या बाजूची. ती दुपारपर्यंत झाली. मोरी होती सातशे चाळिसाव्या चाकावर. सातशे सहावर नवरा थांबला. ती आणखी दोन पावलं पुढं गेली आणि मागं वळली.

“का थांबलात?”

“फाटक आहे.”

गवतात होतं. दोन बांबू, मध्ये आडवी काठी, काठीला टांगलेला जुना टायर. टायरवर चुन्यानं वीटभट्टीवाल्याचं नाव. या फाटकातून आत जायचं म्हटलं तर समोर सहा हात खोल खड्डा. बेडूकही विचार करून गेला असता.

“हे कुठलं फाटक? याचं फाटक तर मोरीपलीकडे आहे, जुन्या वहीत आहे माझ्या.”

“ते काढलं त्यानं. आता हे.”

पुढं सातशे एकोणीसला बागवाल्या दोन भावांची दोन फाटकं, गळ्यात गळा घालून एका खांबाला. सातशे सव्वीसला गिरणीवाल्या अण्णांचं. ते तर नुसतं उभंच होतं. डावीकडे कुंपण नाही, उजवीकडे कुंपण नाही, मोकळ्या माळावर फाटक. एक गाय आली, फाटकाला पाठ घासली आणि बाजूनं निघून गेली. गाईला तेवढं कळत होतं.

आणि सातशे पस्तिसाला, मोरीच्या अगदी ओठावर, दातांच्या डॉक्टरांचं. डॉक्टर शहरात राहत आणि सुट्टीच्या दिवशी जमीन बघायला येत, तिला ताप तर नाही ना अशा चेहऱ्यानं. विटांचे दोन खांब, वर दिवे, मधे लोखंडी नक्षी. दोन वर्षांपूर्वी हे उभं राहिलं तेव्हा बाजाराहून येताना ती थांबून बघत राहिली होती. नवं फाटक शोभेला आणि पलीकडचं जुनं वापराला, असंच ती आजवर धरून चालली होती. पैसा झाला की माणसाला फाटक सुचतं, त्यात आपलं काय जातं? आता जवळून पाहिलं. कुलपावर गंज, साखळीवर कारल्याचा वेल, वेलाला कारलीसुद्धा.

डॉक्टर आतल्या सिमेंटच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. दोघांना बघून राखणदाराला म्हणाले, “त्यांना बादली दे रे. चाकं धुऊनच पुढं येऊ देत, सिमेंटला डाग पडतात.”

“आम्हाला आत यायचं नाही,” ती बाहेरूनच म्हणाली. “एवढंच सांगा डॉक्टर, हे फाटक कधी उघडलंय का?”

“वहिनी, फाटक असतं ते बंद ठेवायला.”

“आणि तुमची गाडी कुठून येते?”

“येते ना,” डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले. “लिहून घ्या, चिटणीस. सातशे पस्तीस. बरोबर?”

चाकाचा आकडा तिनं अजून मोठ्यानं म्हटलेला नव्हता. पण तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं नाही, इतका तिच्या कानांत संताप वाजत होता.

मोरीच्या भगदाडापाशी नवऱ्यानं सायकल डोक्यावर घेतली, ओढ्यात उतरला, मांड्यांएवढ्या गढूळ पाण्यातून चालून पलीकडे चढला. ती मागून गेली, वही दातांत धरून. पलीकडे रस्ता तसाच रुंद, तसाच झिजलेला. डावीकडे काटेरी फांद्या लावून बुजवलेलं खिंडार, त्यातून आत ट्रॅक्टरची खोल चाकोरी. उजवीकडे तसंच दुसरं, त्यात डॉक्टरांच्या गाडीच्या चाकांची नक्षी, पावसानं अर्धी पुसलेली, तरी ओळखू येणारी. अशी पाच खिंडारं. पाऊस लागायच्या आधी इथं जुनी फाटकं होती, आता एकही नाही; काल अण्णांकडे जाता-येता घाईत ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकशे बहात्तर चाकं चालल्यावर फाटक आलं ते तिचं स्वतःचं. लाकडाचं, उन्हापावसानं राखाडी पडलेलं, एका बिजागरीवर लोंबणारं.

“नऊशे बारा,” ती म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला.

*

“म्हणजे मोरी कुणाची?” सासूनं विचारलं. म्हातारी चुलीपाशी बसून शेंगा सोलत होती.

“आपली.”

“सगळी?”

“सगळी. आणि तिच्यापुढचा रस्ताही सगळा.”

म्हातारीनं एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला, बराच वेळ चावला. “तुझ्या सासऱ्यांनी नियम केला तेव्हाच मी म्हटलं होतं. फाटकाला पाय नसतात असं कशावरून? तर म्हणाले, तुला अक्कल नाही.”

नवरा ताटावर बसला होता. घास हातात, हात ताटात.

“हे एकट्यादुकट्याचं डोकं नाही,” ती येरझारा घालत म्हणाली. “गिरणीवाल्याला पीठ आणि कोंडा यापलीकडे कळत नाही. ते दोघं भाऊ तर एकानं जांभई दिली की दुसरा तोंड मिटतो. कुणीतरी बारीक डोक्याचा फिरलाय या सगळ्यांकडे. नियम वाचलेला. मोरी कितव्या चाकावर येते ते माहीत असलेला. तो सापडला ना मला...”

“पाणी दे,” नवरा म्हणाला.

“घ्या की हातानं! तांब्या काय मोरीपलीकडे आहे?”

*

सभा भरली गिरणीच्या गोदामात. सभासदांना लोखंडी खुर्च्या, चिटणिसाला उभं राहायला पोत्यांची थप्पी, आणि चिटणीसबाईला दाराशी, वजनकाट्याजवळची जागा. काट्याचा काटा तिच्या धक्क्यानं हलत होता, कुणीतरी म्हणालं, “वहिनी, बघून घ्या, वजन आहे की नाही ते.” हशा झाला.

नवऱ्यानं मोजणी वाचून दाखवली. संपल्यावर अण्णा म्हणाले, “म्हणजे नियमानं मोरी शेवटच्या फाटकाची. आम्हालाही वाईट वाटतं. पण नियम तुमच्याच सासऱ्यांचा, वहिनी. आम्ही मोडला तर त्यांचा आत्मा काय म्हणेल?”

“त्यांच्या आत्म्याला मी बघून घेईन,” ती म्हणाली. “तुम्ही तुमच्या देहाचं सांगा. तुमचा ट्रॅक्टर त्या मोरीवरून जातो की तुमच्या माळावरच्या फाटकातून? तिथून एक गाय जाते, तीसुद्धा बाजूनं.”

“फाटक ते फाटक,” वीटभट्टीवाला म्हणाला.

“तुमच्या फाटकाच्या आत सहा हात खड्डा आहे. त्यातून जायचं तर आधी मरावं लागेल.”

“आमची जमीन, आमचा खड्डा.”

मग तिला राहवलं नाही. ती दोन पावलं आत आली. “जमीन तुमची, खड्डा तुमचा, पण अक्कल तुमची नाही! ती कुणाकडून तरी उसनी आणलीत. ज्यानं ही फाटकं पुढं सरकवायला शिकवलं, त्याला इतकी तरी लाज हवी होती की मागं एक घर उरतंय, त्यात एक म्हातारी आहे. कोण आहे तो? इथं बसलाय का? असेल तर तोंड वर करू दे!”

मग बागवाल्या भावांतल्या धाकट्याच्या नाकातून एक आवाज निघाला. मग थोरल्याच्या. मग वीटभट्टीवाला मांडीवर थाप मारून हसला, आणि हसू खुर्च्याखुर्च्यांतून सांडत गेलं. मोरीच्या या बाजूचे तेरा जणही हसले, ज्यांचं या प्रकरणाशी देणंघेणं नव्हतं, तेही. दातांचे डॉक्टर तेवढे तोंड मिटून हसत होते. नवरा वहीत मान घालून उभा. तिला वाटलं, हे आपल्याला हसतायत; बाई बोलली म्हणून हसतायत. तिनं तो हशा अंगावर घेतला, ताठ मानेनं, कारण अंगावर घ्यायची तिला सवय होती.

“वहिनी,” अण्णा पापण्या पुसत म्हणाले, “तपास करायचा तर चिटणिसांना सांगा. सगळे कागद त्यांच्याकडे असतात. आता ठराव लिहा बघू. आणि खाली घाला, संघाची संपूर्ण सहानुभूती आहे.”

“सहानुभूती कुठल्या खात्यात टाकायची?” डॉक्टर म्हणाले. “तिला काही खर्च नाही ना?”

तिनं ठराव लिहिला. स्वतःच्या हातानं, सुंदर अक्षरात, एकही रेघ न वाकवता. मग चहा आला. एकोणीस पेले, नवरा किटली घेऊन प्रत्येकासमोर वाकत गेला. सभेचा चहा ही अंदाजपत्रकातली एकच बाब अशी होती की तिचा खर्च फाटकानं नव्हे, समान वाटला जाई. तिनं आपला पेला उचलला आणि दारातल्या मातीवर ओतला. वाटा भरलाच होता, तर निदान कुठं जातो ते तिनं ठरवलं.

*

मोरी बांधायची तर बटाटा विकायला हवा आणि बटाटा विकायचा तर मोरी हवी. तेव्हा बटाटा हातांवरूनच जाईल असं तिनं ठरवलं. नवऱ्यानं भगदाडावर दोन खोडं आडवी टाकली, त्यावर गोठ्याचं जुनं दार ठोकलं. दार मात्र पक्कं बसलं. ट्रकवाल्यानं त्यावर उडी मारून पाहिली आणि अलीकडच्या काठाला ट्रक लावून टाकला. “बेडूक तुम्हीच झालात की,” तो म्हणाला, पण चढवायला खांदा दिला.

एकशे छत्तीस पोती. शेतापासून मोरीपर्यंत हातगाडीवर, आणि मोरीवर हातांत. नवरा पुढं, ती मागं, पोत्याचे कान धरून, खाली गढूळ पाणी. ओल्या बटाट्याचं पोतं माणसासारखं जड असतं. हातात आल्यावर अंग टाकून देतं. पहिल्या दिवशी तळवे सोलले. दुसऱ्या दिवशी फडकी बांधली, तर फडकी चिकटली. तिसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की आठवड्यापूर्वी पाऊस झाला हे कुणाला खरं वाटलं नसतं.

आणि दर पोत्याला ती एक शाप देई. पहिल्या दिवशी दात खाऊन. मग ओझ्याच्या हिसक्याला ताल आला, आणि शापालाही. दळणाऱ्या बायकांच्या ओवीसारखा तो तिच्या तोंडातून आपोआप येऊ लागला:

“फाटक ज्यानं हलवलं, त्याच्या उंबऱ्याला वाळवी लागू दे गं...
फाटक ज्यानं हलवलं, त्याला गादीवर ठेच लागू दे गं...”

“हे झकास!” ट्रकवाला वरून ओरडे. “आता एक माझ्याकडून. त्याची बायको त्याला ओळखू नये!”

“बायको असेल तर ना. असल्या माणसाला कोण देतंय पोरगी?
फाटक ज्यानं हलवलं, त्याच्या चपलेत विंचू नको, खडा राहू दे गं, जन्मभर...”

नवरा मागे बघत नव्हता. त्याच्या मानेवरून घाम ओघळत पाठीच्या पन्हाळीत जात होता. त्याचं मुंडासं एका बाजूला कलंडलं होतं. ते नीट करा म्हणून ती दोनदा ओरडली. त्यानं केलं नाही. पोतं ठेवायचं, वळायचं, हातगाडीकडे जायचं. तीन दिवसांत तो जेवायला बसला तेव्हाही आधी म्हातारीला विचारून बसला, एखाद्या दुसऱ्याच्या घरात असल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा अकरा पोती उरली होती. ट्रकवाला दोर आवळायला ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेला होता. दोघं दाराच्या मध्यावर आली. तिच्या तोंडात शाप तयार होता.

“फाटक ज्यानं हलवलं, त्याचे हात...”

नवरा थांबला.

“चला ना. मधेच काय? हात तुटले माझे.”

“हातांना काही म्हणू नकोस,” तो म्हणाला.

“कुणाच्या?”

तो मागं वळला नाही. पोतं दोघांच्या मधे, दार पायाखाली कुरकुरत, त्याखाली पाणी. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“फाटकं मी हलवली,” तो म्हणाला. “तू बाजाराला जायचीस त्या दिवशी. आधी अण्णांचं. ते म्हणाले, चिटणीस, जरा खांब रोवायला हात लावा. मला माहीत होतं कशासाठी ते. रोवला. मग डॉक्टरांचं. विटा गवंड्यानं रचल्या, पण आखणी माझी, ओळंबा माझा. मोरीच्या अलीकडे किती चाकांवर हवं, तेही मीच सांगितलं.”

पोतं एका बाजूला कलू लागलं; दोघांनीही ते सावरलं.

“भावांचं आणि वीटभट्टीवाल्याचं तर त्यांनी सांगितलंही नव्हतं. मीच गेलो, मीच सुचवलं. आपल्या घरावर काय येणार ते मला कळत नव्हतं असं नाही. मोजता येतं मला. रोज रात्री मोजायचो.”

“मग का?” तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

तो अर्धवट मान वळवून, तिच्याकडे न बघता, म्हणाला,

“पहिला खांब उभा राहिला ना, तेव्हा अण्णांनी लांबून एक डोळा मिटून बघितलं. म्हणाले, वा चिटणीस, काय सरळ लागलाय. असा हात नाही कुणाचा.” त्यानं ओठ पुसायला खांदा वर केला, ओझं होतं म्हणून तो पोचला नाही. “घरात मला असं कधी कुणी म्हणालं नव्हतं गं. परत एकदा ऐकावंसं वाटलं. मग आणखी एकदा.”